उणे २५ अंशांच्या थंडीत जुना पिकअप शाबूत कसा राहिला?

नेरचे गुरुजी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्याचा. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली आणि तेव्हापासून शेतीच पाहतो. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे डिसेंबरपासून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मूरहेड येथे आलो आहोत. रेड नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख आपल्या वऱ्हाडासारखाच सपाट आणि काळ्या मातीचा आहे. कापसाच्या जागी इथे साखरेसाठीचे बीट पिकते आणि सध्या सगळे शिवार बर्फाखाली आहे. नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा गावोगावी दिवसासुद्धा शेकोट्या विझल्या नव्हत्या. परवा सकाळी इथे उणे २५ होते.

त्या सकाळी जावयांबरोबर किराणा आणायला गेलो असता दुकानासमोर फोर्ड एफ-१५० जातीचा एक फिकट हिरवा पिकअप उभा दिसला. गोल दिवे, सरळ रेषेतला हौदा, फाळक्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत. मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. दाराखालचा पत्रा आणि चाकांवरच्या कमानी पूर्ण शाबूत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या, दहा-बारा वर्षे वयाच्या दिसणाऱ्या एका मोटारीच्या कमानीला मात्र मुठीएवढे भोक पडले होते. जावई म्हणाले की इथे रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि तेच मीठ गाड्या खाते.

माझ्या मनात हा प्रश्न घर करून बसला आहे, कारण माझ्या धाकट्या भावाच्या मालवाहू गाडीचा हौदा आपल्याकडच्या कोरड्या हवेत आठ वर्षांत सडला. खालून हात लावला तर पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. बर्फ आणि मीठ सोसूनही तो पिकअप टिकतो आणि नेरच्या उन्हात उभी असलेली गाडी सडते, हे कसे? गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेचा एक प्लग लोंबत होता, त्याचाही उलगडा झालेला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी जीप

गुरुजी, प्रथम गाडीचे वय ठरवू. एफ-१५० हे नाव १९७५ च्या मॉडेलपासून आले आणि १९७९ मध्ये त्या पिढीच्या सर्व गाड्यांना चौकोनी दिवे मिळाले. तुम्ही गोल दिवे आणि एफ-१५० ही दोन्ही लक्षणे पाहिली असतील, तर गाडी १९७५ ते १९७८ मधली असली पाहिजे. त्या गाड्यांत ४.९ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन मिळत असे. ते १९६५ पासून १९९६ पर्यंत बनत होते. त्यातील कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, पट्ट्यावर किंवा साखळीवर फिरत नाही, थेट दातेरी चक्रांवर फिरतो, म्हणून तुटण्यासारखे तिथे फारसे काही नाही. इंजिन इतकी वर्षे टिकण्यात मला नवल वाटत नाही. पत्रा टिकला, हे मात्र खरोखर नवल आहे.

संत्राबाग वरुड

तो प्लग कशाचा, हे मलाही जाणून घ्यायचे आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला वीज कशाला लागते?

अकोटचा, सध्या विनिपेग

मी कॅनडातील विनिपेगला राहतो. मूरहेडवरून वाहणारी रेड नदी उत्तरेकडे वाहत आमच्याच गावात येते, त्यामुळे गुरुजींची थंडी तीच आमची थंडी आहे.

तो प्लग इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरचा. साधारण ४०० ते १००० वॅटचा हीटर इंजिनच्या पाण्यात किंवा ब्लॉकला बसवलेला असतो आणि रात्री गाडी लावली की त्याची वायर घराबाहेरच्या बोर्डात खोचतात. या प्रकारच्या हीटरचे पेटंट नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये मिळाले. मूरहेडचा पूल ओलांडला की नॉर्थ डकोटाच लागते, म्हणजे गुरुजी त्या शोधाच्या माहेराजवळच बसले आहेत. एवढ्या थंडीत ऑइल काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही निम्म्याहून कमी होतो, म्हणून इथे बॅटरी घेताना उणे १८ अंशांत ती ३० सेकंद किती करंट देऊ शकते, तो आकडा पाहून घेतात. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते, त्यातील डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा, आणि त्याआधीचा आकडा जितका लहान तितके ऑइल थंडीत पातळ. आपल्याकडच्या २०डब्ल्यू-४० ऑइलवर इथे सेल्फ मारला तर इंजिन कण्हते, पण फिरत नाही. रेडिएटरमध्ये पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे असते, आणि ते मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही.

आता मुख्य मुद्दा. गुरुजी, तुमच्या प्रश्नात थंडी आणि मीठ एकत्र आले आहेत, त्यांना वेगळे केले पाहिजे. साधे मीठ साधारण उणे ९ अंशांच्या खाली नीट काम करीत नाही. फार थंडीत म्हणूनच आमच्याकडे रस्त्यांवर वाळू टाकतात, किंवा वेगळे क्षार मिसळतात. कडाक्याच्या थंडीत सगळे गोठलेले आणि कोरडे असते, त्यामुळे गंज चढण्याची क्रिया अगदी मंदावते. गाड्या मरतात त्या मार्च-एप्रिलमध्ये. दिवसा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि खारट चिखल दिवसभर पत्र्याखाली उडत राहतो. ज्या गावांत हिवाळा शून्याच्या आसपास घुटमळतो, तिथल्या गाड्या आमच्यापेक्षा लवकर सडतात.

पुसदकडील शेतकरी

माझे मत वेगळे आहे. जुन्या गाड्यांचा पत्राच जाड होता. आजच्या गाडीचे बॉनेट अंगठ्याने दाबले तरी दबते. त्या पिकअपचे रहस्य मिठात किंवा थंडीत शोधण्यापेक्षा पत्र्याच्या जाडीत शोधावे.

जुनी जीप

पुसदकर भाऊ, जाडीचा मुद्दा चेसिसपुरता, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यापुरता, मान्य आहे, कारण जाड लोखंड सडून आरपार जायला जास्त वर्षे लागतात. बाहेरच्या पत्र्याबाबत मात्र इतिहास उलट बोलतो. १९७० च्या दशकातील मोटारी गंजासाठी बदनाम होत्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मोटारींत सर्रास वापरला जाऊ लागला तो १९८० च्या दशकात. त्यामुळे आजचा पातळ पत्रा जुन्या जाड पत्र्यापेक्षा गंजाला अधिक काळ तोंड देतो. गुरुजींनी पाहिलेल्या पिकअपला ते कवच नव्हते आणि त्याच्याबरोबर तयार झालेल्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. आपल्याला उरलेली एक दिसते, गेलेल्या दिसत नाहीत.

रसायनवाले सर

विनिपेगच्या सदस्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. गंजासाठी लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिन्ही एकत्र यावे लागतात. मीठ स्वतः लोखंड खात नाही. ते पाण्याची विद्युतवाहकता वाढवते आणि त्यातील क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडत राहते, त्यामुळे क्रिया कितीतरी वेगाने होते. शिवाय मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ पाणी सोडू लागते. पावसाळ्यात डब्यातले मीठ पाझरते, ते याचमुळे. रस्त्यांवर वापरले जाणारे कॅल्शियम क्लोराइड तर तीस-पस्तीस टक्के आर्द्रतेलाही ओले राहते, म्हणजे आपल्याला कोरडी वाटणारी गाडी सांध्यांच्या आत ओलीच असते.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. बर्फातून आलेली खारट गाडी उबदार गॅरेजमध्ये उभी करणे हे बाहेर गारठ्यात उभी करण्यापेक्षा वाईट आहे. बाहेर ते खारट पाणी गोठून स्वस्थ बसते, आत उबेत रात्रभर काम करते.

गॅरेज दर्यापूर

मी पंचवीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो, म्हणून गुरुजींच्या भावाच्या हौद्याविषयी लिहितो. उन्हाने पत्रा सडत नाही. उन्हाने रंग फिका पडतो, रबर तडकते, डॅशबोर्ड चिरतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते. पत्रा सडतो तो ओल आणि क्षार यांनीच, आणि हे दोन्ही आपल्या विदर्भात पुरेसे आहेत.

माझे गाव खारपाणपट्ट्यात येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यातील भूजल खारट आहे. इथे लोक हौसेने दर रविवारी बोअरच्या पाण्याने गाडी धुतात. पाणी वाळले की काचेवर पांढरे डाग उरतात, ते सर्वांना दिसतात. तोच पांढरा थर दाराच्या आत, हौद्याच्या दुहेरी पत्र्यात आणि चेसिसच्या पोकळीत साठत जातो, तो कोणालाच दिसत नाही. माझ्याकडे एकाच वयाच्या दोन गाड्या आल्या होत्या. एक अचलपूरच्या वरच्या अंगाची होती आणि कधीमधी धुतली जायची. दुसरी दर्यापूरची, आठवड्याला धुतली जायची. सडलेली निघाली ती नेमाने धुतलेली. धुणारा माणूस बिचारा गाडीवर जीव लावणारा होता, हे पाहून मला फार वाईट वाटले.

गंज कुठून सुरू होतो, तेही सांगतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. आपली काळी चिकण माती ती भोके बुजवते आणि पावसाचे पाणी दारात साचते. चाकाच्या कमानीच्या आत, जिथे दोन पत्रे जोडलेले असतात तिथे, माती बसते आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ओली राहते. मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे चेसिसला बसतात, तिथेही तीच गत. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की गाडी वर्षभर देखणी दिसते, पण आत गंज चालूच राहतो. ज्यांना गाडी टिकवायची आहे त्यांना मी एकच काम सांगतो. पावसाळा संपला की चाके काढा, कमानींच्या आतली माती खरवडून काढा, दाराची भोके तारेने मोकळी करा आणि शक्य असेल तर गोड्या पाण्याने खालून धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. आपले ऊन इथे आपल्या उपयोगाचे आहे, मिनेसोटावाल्यांना ते हिवाळ्यात मिळत नाही.

देवळीची ताई

दर्यापूरच्या दादांनी पाण्याचे सांगितले, मी खताचे सांगते. आमच्या घरची मालवाहू गाडी मीच चालवते. पेरणीच्या दिवसांत खताची पोती, दिवाळीनंतर कापूस, असा तिचा वर्षाचा क्रम आहे. पोते फाटले की दाणे हौद्याच्या खाचांत जातात आणि पहिल्या पावसात विरघळतात. युरिया हवेतले पाणी ओढून घेतो, हे उघड्या पोत्यावरून प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पोटॅश तर पोटॅशियम क्लोराइडच आहे, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. मिनेसोटात सरकार रस्त्यावर मीठ टाकते आणि आपण ते स्वतःच्या हौद्यात भरून आणतो, असे सरांचे वाचताना माझ्या ध्यानात आले.

माझे वडील बंडीच्या लाकडाला आणि लोखंडी धावेजवळच्या भागाला दर उन्हाळ्यात जवसाचे तेल पाजत असत. घरची जवस, घाण्यावरून काढलेले तेल. ते तेल वाळून कडक पापुद्रा धरते आणि पाणी आत शिरू देत नाही. मी तीन वर्षांपासून हौद्याच्या खालच्या बाजूला उकळलेले जवसाचे तेल ब्रशने लावते. हौदा आधी खरवडून पूर्ण कोरडा करावा लागतो, नाहीतर तेलाखालीच गंज कोंडला जातो. माझी गाडी अकरा वर्षांची आहे आणि हौद्याला अजून भोक नाही.

संत्राबाग वरुड

ताई, आमच्याकडे हौद्याचा शत्रू संत्रा आहे. फुटलेल्या फळांचा आंबट रस खाली साचतो आणि रंग उकलतो. आम्ही तळाशी तणसाचा थर देतो, पण ओले तणस तसेच राहिले तर तेही पत्र्याला खाते. यंदापासून प्रत्येक फेरीनंतर तणस बाहेर टाकण्याचा नियम केला आहे.

पुसदकडील शेतकरी

जवसाचे तेल महाग पडते. आमच्याकडे सर्व ट्रॅक्टर आणि ट्रकवाले चेसिसला इंजिनचे काळे, जळालेले ऑइल फवारतात. फुकट मिळते आणि कामही करते.

गॅरेज दर्यापूर

काळे ऑइल गंज रोखते, हे खरे आहे, आणि मीही पूर्वी ते फवारत असे. मात्र ते रबरी बुश आणि होसपाइपवर पडले की रबर फुगून मऊ होते. ब्रेकच्या पाइपजवळ तर ते अजिबात नको. शिवाय ते ठिबकत राहते. ज्या जागी गाडी उभी राहते ती जागा नापीक होते आणि जवळ विहीर असली तर पाण्यात उतरण्याची भीती असते. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि घातक द्रव्ये असतात, ते हाताने चोळणेही बरे नाही. त्यापेक्षा ताईंचा उपाय शंभर पटींनी चांगला.

रसायनवाले सर

दोन्ही मतांना जोडून एक जुनी गोष्ट सांगतो. लोखंडी पुलांना पूर्वी जो लाल थर देत, तो जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराचा असे. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो गंजाला फार परिणामकारकपणे अडवतो, परंतु शिसे विषारी असल्यामुळे आता त्याच्याऐवजी रेड ऑक्साइड आणि जस्तयुक्त प्रायमर वापरतात. हे सांगण्याचे कारण असे, की कोणी जुना नुस्खा ऐकून बाजारातला शेंदूर तेलात कालवायला जाऊ नये. ताईंप्रमाणे नुसते तेल लावावे, किंवा तयार प्रायमर आणावा.

अकोटचा, सध्या विनिपेग

इथेही तेल फवारणीची दुकाने आहेत आणि शरद ऋतूत तिथे रांगा लागतात. मेणासारखा किंवा लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचा थरही देतात. एकदा देऊन भागत नाही, दर वर्षी द्यावा लागतो. माझी अटकळ आहे की गुरुजींच्या पिकअपमागे असाच कोणी तरी नेमाचा माणूस असावा. गुरुजी, मालक पुन्हा भेटला तर अवश्य विचारा.

नेरचे गुरुजी

मंडळी, उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधल्या काळात मी आजोबा झालो. नात आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत.

मालक भेटला. त्याच दुकानासमोर तो पिकअप दिसला, म्हणून जावयांना घेऊन गारठ्यात थांबलो. मालक सत्तरीच्या घरातले शेतकरी आहेत, बीट आणि गहू पिकवतात. मी त्यांच्या गाडीसाठी थांबलो आहे, हे कळल्यावर त्यांनी आम्हाला आत बसवून हीटर लावला आणि अर्धा तास बोलले. जावई दुभाषी होते.

गाडी १९७७ ची आहे, त्यांच्या वडिलांनी वापरलेली घेतली होती. त्यांचे शेत आणि घर खडीच्या रस्त्यावर आहे आणि तिथे मीठ पडत नाही. कडाक्याच्या कोरड्या थंडीत ते ही गाडी निर्धास्त काढतात. बर्फ वितळू लागला की मात्र ती शेतावरच्या, न तापवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाते आणि वसंतातल्या पावसाने रस्ते स्वच्छ धुऊन निघेपर्यंत बाहेर येत नाही. विनिपेगच्या भावांनी आणि सरांनी सांगितले, तेच हा माणूस चाळीस वर्षे अनुभवाने करीत आला आहे. ऑक्टोबरात, बीट निघाले की, गाडीखाली तेलाचा फवारा ठरलेला. कमानींच्या आतली माती ते लाकडाच्या पाचरीने काढतात. पाचर दाराच्या कप्प्यातच होती, काढून दाखवली.

आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. हौदा मूळचा नाही. मूळचा हौदा खताने सडला. ताई, मी हे ऐकून जागीच थबकलो. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातून दुसऱ्या गाडीचा कोरडा हौदा मागवून बसवला.

पुसदकडील शेतकरी

मग ती गाडी टिकली असे कसे म्हणायचे? हौदा दुसऱ्या मुलखाचा आहे.

जुनी जीप

भाऊ, चेसिस, केबिन आणि इंजिन त्याच ठिकाणी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हिवाळे काढून उभे आहेत. आपण बंडीची चाके बदलतो, जू बदलतो, धाव नवी चढवतो, तरीही ती आजोबांची बंडी म्हणूनच ओळखली जाते. माझ्या जीपचा मागचा तळही दोनदा बदलला आहे. जो भाग झिजण्यासाठीच आहे तो बदलून बाकीची गाडी वाचवणे, यालाच मी टिकवणे म्हणतो.

वाशीमचा वाचक

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. तपासणीत सडलेला चेसिस नापास होतो आणि ते योग्यच आहे. ज्यांना जुनी गाडी ठेवायची आहे त्यांनी तो दिवस येण्याची वाट न पाहता चेसिस आधीच पाहून घ्यावा.

नेरचे गुरुजी

पुसदकर भाऊंची शंका मलाही आली होती, पण मालकाने हौद्याची गोष्ट लपवली नाही, म्हणून मला ती गाडी अधिकच खरी वाटली.

काल रात्री भावाला फोन केला. तो गेली पाच वर्षे एका कृषी केंद्राचे खत वाहतो, हे मला ठाऊक होते, पण त्याचा हौद्याशी संबंध मी कधी जोडला नव्हता. रात्री गाडी रिकामी झाली की हौदा न झाडता वर ताडपत्री ओढून ठेवतो, म्हणजे ओल आत कोंडली जाते. दर्यापूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे त्याने आज सकाळी मागची चाके काढली आणि डावीकडच्या कमानीतून घमेलेभर माती निघाली. चेसिसवर हातोडीने ठोकून पाहिले तर आवाज खणखणीत येतो, फक्त मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ बद्द येतो. दादा, तेवढा भाग कापून नवी पट्टी वेल्ड करता येईल का, की पूर्ण आडवा सदस्य, म्हणजे चेसिसचा आडवा दांडा, बदलावा लागेल?

गॅरेज दर्यापूर

गुरुजी, नातीसाठी अभिनंदन. बद्द आवाज येतो त्या जागेचा खालून आणि बाजूने असे दोन फोटो भावाला पाठवायला सांगा. त्याआधी तारेच्या ब्रशने गंज पूर्ण काढायला सांगा, रंगावरून काही कळत नाही. ब्रॅकेटचे रिव्हेट पक्के असतील आणि सड तळहाताएवढ्या जागेत असेल, तर जाड पट्टीवर काम होईल. सड रिव्हेटपर्यंत गेली असेल, तर आडवा सदस्यच बदलावा, कारण भरल्या गाडीचा सगळा भार तिथे येतो. तोपर्यंत गाडीत खत भरू देऊ नका.

देवळीची ताई

गुरुजी, काम झाले की हौद्याला खालून जवसाचे तेल लावायला सांगा. आमच्याकडे यंदाची जवस निघाली की दोन लिटर तेल वर्ध्याहून एसटीने पाठवते, भावाने फक्त नेरच्या स्टँडवर घ्यायला यावे.